बटरफ्लाय वीड दरवर्षी मरतंय? आधी फावडं खाली ठेवा

तक्रार सगळ्यांची सारखीच. जूनमध्ये नर्सरीतून केशरी फुलांनी डवरलेलं रोप आणलं. उन्हाळाभर त्यावर मधमाश्या नाचल्या, थंडीत ते वाळलं, आणि पुढच्या वसंतात शेजारपाजारची सगळी झाडं हिरवी झाली तरी त्या जागी नुसती माती. परत रोप आणलं, परत तेच. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणाऱ्या ओळखीच्या चार मराठी घरांतून मला हाच प्रश्न आलाय. मी स्वतः २०१८ ते २०२१ या काळात सात रोपं घालवली. आता माझ्याकडे नऊ जुनी झाडं आहेत, म्हणून हा अनुभव लिहून ठेवतेय. झाडाचे लाड करण्याची आपली जी सवय आहे ना, या झाडाच्या बाबतीत बहुतेक वेळा तीच नडते.

झाड कोणतं ते आधी स्पष्ट करते. बटरफ्लाय वीड, म्हणजे आस्क्लेपियास ट्यूबरोसा. मिल्कवीडच्या गोतावळ्यातलं, आपल्या रुईचं नातेवाईक. उंची दीड-दोन फूट, फुलं भडक केशरी, जून ते ऑगस्ट. शिकागोच्या इलिनॉय राज्याला 'प्रेअरी स्टेट', म्हणजे गवताळ कुरणांचं राज्य, म्हणतात ते उगीच नाही. इथे एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर गवताळ कुरण होतं. १८३७ मध्ये जॉन डिअरने याच राज्यातल्या ग्रँड डेटूर गावी पोलादी नांगर बनवला, चिकट काळी माती उलटायला लागली, आणि आज त्या कुरणाचा हजारावा हिस्सासुद्धा मूळ रूपात उरलेला नाही. बटरफ्लाय वीड त्या कुरणातल्या कोरड्या, उन्हाच्या, निचऱ्याच्या जागांवरचं झाड. आपण ते उचलून आणतो आणि लावतो कुठे, तर नव्या कॉलनीतल्या चिकणमातीत, वर रोज पाणी आणि महिन्याला खत.

तुमच्याकडे आहे ते बटरफ्लाय वीडच आहे ना?

हसू नका, माझी पहिली दोन रोपं यातच गेली. मोठ्या दुकानांच्या बाग विभागात नुसतं 'मिल्कवीड' किंवा 'बटरफ्लाय प्लँट' अशी चिठ्ठी लावून जे विकतात, ते पुष्कळदा उष्ण प्रदेशातलं मिल्कवीड असतं. लाल-पिवळी फुलं असलेलं. महाराष्ट्रात आपण त्याला हळदकुंकू किंवा काकतुंडी म्हणतो, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर सर्रास दिसतं. ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आणि इलिनॉयच्या हिवाळ्यात ते मरणारच. त्यात तुमची काही चूक नाही, औषधही नाही.

ओळखायची खूण सोपी. एक पान तोडून पाहा. पांढरा चीक आला आणि पानं समोरासमोर, गुळगुळीत असतील तर ते हळदकुंकू. बटरफ्लाय वीडला मिल्कवीड म्हणतात खरं, पण त्याला दुधासारखा चीक नसतो, रस पाण्यासारखा असतो. पानं खरखरीत, देठावर बारीक लव, आणि पानं एकाआड एक लागलेली. (तपासून झालं की हात धुवा. या सगळ्या कुळाचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. रुईच्या बाबतीत आजी जे सांगायच्या ते इथेही खरं आहे.)

उगवलं नाही याचा अर्थ मेलं असा नाही

आता मुख्य गोष्ट. मला विचारतील त्यांतल्या निम्म्या लोकांचं झाड मेलेलं नसतंच. ते झोपलेलं असतं आणि आपण खणून मारतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. बाबा कृषी सहाय्यक म्हणून निवृत्त झालेले, त्यांना रिकामी माती बघवत नाही. मी ऑफिसला गेले होते. संध्याकाळी येऊन बघते तर पुढचा वाफा खणून, ढेकळं फोडून, त्यात सुरेख ओळींत मेथी टाकलेली.

"अगं, त्या कोपऱ्यात रताळ्यासारखं काहीतरी निघालं," बाबा म्हणाले. "वाळलं होतं वरनं. कंपोस्टमध्ये टाकलं."

मी कंपोस्टच्या डब्यातून ते बाहेर काढलं. जाड, गरदार मूळ, फावड्याने मधोमध कापलेलं, आणि वरच्या टोकाला मुगाएवढे जांभळट कोंब. तारीख होती ८ मे. अजून दहा-बारा दिवस वाट पाहिली असती तर ते कोंब वर आले असते. बाबा बराच वेळ ते मूळ हातात धरून बसले होते. त्या वर्षीची मेथी मात्र झकास आली, ते कबूल करायला हवं.

बटरफ्लाय वीड वसंतात फार उशिरा जागं होतं. माती चांगली तापल्याशिवाय ते डोकं वर काढत नाही. उत्तर इलिनॉयमध्ये याचा अर्थ मेचा तिसरा-चौथा आठवडा. वसंत गार गेला तर जून उजाडतो. तोवर शेजारची कोनफ्लॉवर, बी बाम, अ‍ॅस्टर हातभर झालेली असतात आणि आपला धीर सुटतो. म्हणून हे करा:

शरद ऋतूत झाड जमिनीलगत छाटू नका. वाळलेले देठ वीतभर उंच ठेवा, तीच पुढच्या वर्षीची खूण. शिवाय शेजारी एक पक्की काडी किंवा झेंडी रोवा, कारण बर्फाखाली देठ मोडतात. आणि घरात जे जे फावडं उचलू शकतात त्या सगळ्यांना सांगा की १० जूनपर्यंत या जागेला हात लावायचा नाही.

अगदीच राहवत नसेल तर बोटांनी (बोटांनीच, खुरप्याने नाही) वरची माती इंचभर बाजूला करा आणि मुळाचं डोकं चाचपा. कडक लागलं तर जिवंत आहे, माती परत सारा. मऊ, बिलबिलीत लागलं आणि वास आला तर ते कुजलंय. मग पुढचं वाचा.

खरंच कुजलं असेल तर: पाणी आणि माती

लोकांना वाटतं थंडीने मेलं. हे झाड अमेरिकेच्या झोन ३ पर्यंत टिकतं (झोन म्हणजे हिवाळ्याच्या थंडीनुसार पाडलेले पट्टे, आकडा लहान तेवढी थंडी जास्त), शिकागोची थंडी त्याला काहीच नाही. त्याला मारते ती थंडीतली ओल. मुळाचं डोकं हिवाळाभर आणि वसंतातल्या पावसात चिखलात बसलं की सडतं.

आमच्याकडे २०१८, २०१९ आणि २०२० असे सलग तीन मे महिने पावसाचे. शिकागोत दर वर्षी आदल्या वर्षीचा मे महिन्याचा विक्रम मोडला जात होता. माझी त्या काळातली रोपं का गेली याचं उत्तर मला त्यात मिळालं, पण फक्त निम्मं. कारण दोन मैलांवर एका बाईंची झाडं त्याच पावसात छान होती. त्यांचं अंगण उताराचं, माझं सपाट. फरक पावसाचा नव्हता, पाणी जातं कुठे याचा होता.

नव्या कॉलन्यांमध्ये बांधकामाच्या वेळी वरची सुपीक माती खरवडून नेतात, अवजड यंत्रं फिरून खालची चिकणमाती दाबली जाते, मग वर चार इंच माती पसरून हिरवळीच्या गालिच्याच्या गुंडाळ्या अंथरतात. वरून दिसतं सगळं छान. खाली परात.

तपासायची पद्धत अशी. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा करा. काठोकाठ पाणी भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून तासाला पातळी किती उतरते ते बघा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर जागा चालेल. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळीही दिसत असेल तर तिथे बटरफ्लाय वीड लावू नका.

माझ्या अंगणात दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होतं. त्यात पक्षी आंघोळ करत होते.

इथे बहुतेकांकडून (माझ्याकडूनही) जी चूक होते ती सांगते. चिकणमातीत खड्डा करायचा आणि तो वाळूने, पॉटिंग मिक्सने भरायचा. ऐकायला बरोबर वाटतं. पण आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, त्यामुळे तो खड्डा म्हणजे हंडा होतो आणि सगळ्या वाफ्याचं पाणी त्यात येऊन साचतं. चिकणमातीत थोडीशी वाळू मिसळणं तर आणखी वाईट, वाळल्यावर विटेसारखं होतं.

वर चढा, खाली खणू नका. आहे त्याच मातीवर आठ ते बारा इंच उंचीचा उंचवटा करा, पायाशी रुंद, माथ्याला निमुळता. रोप माथ्यावर. मी खाली अंगणातलीच माती आणि बारीक खडी, वर नुसती माती घेतली, कंपोस्ट मुद्दाम घातलं नाही. कुदळीने खालचा दाबलेला थर आधी फोडून घेतला. २०२१ च्या शरदात केलेल्या त्या उंचवट्यावरची पाचच्या पाच रोपं पुढचा हिवाळा निघून उभी राहिली (त्यातलंच एक बाबांच्या मेथीला गेलं).

उंचवटा करायची इच्छा नसेल तर सरळ दुसरं मिल्कवीड लावा. ओलसर चिकणमातीसाठी स्वॅम्प मिल्कवीड हे उत्तम झाड आहे, गुलाबी फुलं, तीन-चार फूट उंच, पाय ओले असलेले त्याला आवडतात. हट्टाने केशरीच हवं म्हणून दरवर्षी दहा-बारा डॉलर पाण्यात घालण्यापेक्षा ते बरं.

लाकडी मल्चबद्दल (मातीवर पसरायचे लाकडाचे तुकडे) एक वाक्य: मुळाच्या डोक्यापासून सहा इंच लांब ठेवा. आमच्या कॉलनीत दर मेमध्ये ट्रकभर काळं मल्च येतं आणि लोक झाडांच्या बुंध्यापाशी डोंगर करतात, तसं इथे केलंत तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, खोलवर. दुसऱ्या वर्षापासून नाही. खत कधीच नाही. खताने झाड लुसलुशीत वाढतं, फुलांच्या भाराने आडवं पडतं आणि माव्याला मेजवानी होते. आमच्या सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं या झाडाला घालायच्या, "फूल देतंय बिचारं" म्हणत. त्यांना नाही म्हणणं कठीण होतं. शेवटी मी बाजूला जास्वंदीची कुंडी ठेवली.

बी रुजतच नाही

रोपाऐवजी बियांपासून सुरुवात करणं मला आता जास्त आवडतं, कारण याचं सोटमूळ कुंडीत वेटोळं झालं की झाड आयुष्यभर रुसलेलं राहतं. पण बी थेट वसंतात पेरलं तर क्वचितच उगवतं. बियाला हिवाळा भोगल्याची खात्री लागते. नुसती थंडी नाही, ओली थंडी. कोरडं पाकीट फ्रीजमध्ये ठेवून काही होत नाही, आणि फ्रीजरमध्ये तर ठेवूच नका.

पेपर टॉवेल ओला करून घट्ट पिळा. पाणी टपकत असेल तर बुरशी येते. त्यात बिया पसरून घडी घाला, झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवीवर तारीख लिहा आणि फ्रीजमध्ये, साधारण ४ अंश सेल्सिअसला, ३० दिवस ते सहा आठवडे. (तारखेबरोबर 'खायचं नाही' असंही लिहा. आमच्याकडे जिऱ्याच्या बरणीशेजारी ठेवलं होतं.) मग पाव इंच खोल पेरून उबदार, भरपूर उजेडाच्या जागी ठेवा. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

दुसरी पद्धत आळशी माणसासाठी, म्हणजे माझ्यासाठी. दुधाचा गॅलनचा रिकामा कॅन मधोमध कापायचा, तळाला भोकं पाडायची, चार इंच माती, त्यावर बी, चिकटपट्टीने परत बंद, झाकण काढून टाकायचं आणि डिसेंबर-जानेवारीत अंगणात ठेवून द्यायचं. बर्फ पडो, वितळो, त्याचं ते बघतं. एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये आत हिरवं दिसायला लागतं. मग मात्र रोज बघा, कॅनच्या आत दुपारी भट्टी होते.

रोपं उगवून दोन दिवसांत बुंध्याशी बारीक होऊन लोळण घेत असतील तर ती मर आहे. पाणी जास्त, हवा कमी. वरून पाणी न घालता ट्रेमध्ये खालून घाला, मातीचा वरचा थर सुकू द्या, छोटा पंखा लावा. लोळलेली वाचत नाहीत.

खऱ्या पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की कायमच्या जागी लावा. उशीर करू नका. आणि एकदा लावलं की हलवू नका, तीन वर्षांचं झाड उपटून दुसरीकडे लावण्याच्या नादात मी एक चांगलं झाड मारलंय. बियांपासूनच्या झाडाला फूल दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या वर्षी येतं. पहिल्या वर्षी वर चार पानं दिसतात आणि खाली सगळा संसार चाललेला असतो.

पिवळा मावा

जुलैच्या शेवटी शेंड्यांवर, कळ्यांवर, शेंगांवर पिवळ्याधमक दाण्यांचा थर. काळे पाय. हा मूळचा भूमध्य समुद्राकडचा मावा, कण्हेर आणि रुईवर जगणारा. सांगलीच्या रुईवरही हाच असतो, त्यामुळे बाबांनी लांबूनच ओळखला.

"मावा पडलाय. निंबोळी अर्क आहे का घरात?"

होता. आणि इथे मला त्यांना थांबवावं लागलं. निंबोळी अर्क अळीलाही मारतो, आणि आपण हे झाड लावलंय तेच मुळी मोनार्क फुलपाखराच्या अळीसाठी. बाबांना हे पचायला वेळ लागला. नोकरीची सगळी वर्षं अळी मारायला शिकवण्यात गेली आणि आता सून म्हणतेय, अळी वाचवायची.

या माव्यात नर नसतातच. माद्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, म्हणून आज पाच, पुढच्या आठवड्यात पाचशे. इलिनॉयच्या थंडीत बाहेर तो टिकत नाही, दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने येतो. म्हणजे शरदात फवारून पुढच्या वर्षीचा बंदोबस्त होत नाही. जोमदार, जुन्या झाडाचं तो फारसं वाकडं करत नाही. मी तीन वर्षं जवळजवळ काहीच करत नाही.

करायचंच असेल तर आधी पानांच्या खालच्या बाजू बघा. मोनार्कचं अंडं एकेकटं असतं, टाचणीच्या डोक्याएवढं, सायीच्या रंगाचं, उभ्या रेघांचं. ते किंवा पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी नसेल तर एका हाताने देठ आधाराला धरून नळीच्या पाण्याने मावा धुऊन काढा. दर तीन-चार दिवसांनी. साबणाचं पाणी अळीवर पडलं तर तीही मरते. मुळाशी घालायची दाणेदार कीटकनाशकं तर अजिबात नाहीत, ती झाडाच्या रसात, मकरंदात, सगळीकडे पोचतात.

माव्याच्या गर्दीत तपकिरी, फुगलेले, न हलणारे दाणे दिसले तर धुऊ नका. त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीची अळी वाढतेय, ती बाहेर पडून आणखी मावा मारणार. ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या असे मावा खाणारे कीटकही मागोमाग येतात. बाबांनी भिंग मागवून घेतलं आणि रोज संध्याकाळी मोजणी सुरू केली, आज किती ढालकिडे, किती फुगलेला मावा. निंबोळी अर्काची बाटली गॅरेजमध्येच राहिली.

नारिंगी-काळे ढेकणासारखे किडे शेंगांवर बसतात, ते मिल्कवीड बग. शेंगेतल्या बियांचा रस शोषतात. बी धरायचं असेल तर झटकून साबणाच्या पाण्यात पाडा, नाहीतर सोडून द्या.

झाड मस्त, मोनार्कचा पत्ता नाही

याची कारणं तीन, आणि तिसरं लोकांना आवडत नाही.

पहिलं, रोप आणतानाच विषारी असू शकतं. काही नर्सऱ्या निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं वापरतात आणि ती झाडात बराच काळ राहतात. अंडी दिसली, अळ्या फुटल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या, तर हा संशय घ्या. विकत घेताना सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका. अंगणात डासांची फवारणी करून घेत असाल तर तीही बंद करावी लागेल, दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

दुसरं, एकच झाड आहे. एक अळी पूर्ण वाढेपर्यंत भरपूर पानं खाते. पाच-सहा झाडांचा पुंजका असेल तर तो मादीला सापडतोही आणि अळ्यांना पुरतोही.

तिसरं म्हणजे अंडी घालायला मोनार्कला बटरफ्लाय वीड फारसं आवडत नाही. पानं खरखरीत, आणि जो विषारी रस अळीला पक्ष्यांपासून वाचवतो तो यात इतर मिल्कवीडपेक्षा कमी. मादी कॉमन मिल्कवीड आणि स्वॅम्प मिल्कवीडला पसंती देते. नावात बटरफ्लाय आहे ते मकरंदासाठी. फुलांवर फ्रिटिलरी, स्वॅलोटेल ही फुलपाखरं, मधमाश्या, भुंगे, कधी हमिंगबर्ड, सगळे येतात. पण अळ्या हव्या असतील तर शेजारी दोन-तीन स्वॅम्प मिल्कवीड लावा. कॉमन मिल्कवीड जमिनीखालून पसरतं, जागा मोठी असेल तरच.

मोनार्क आमच्याकडे मेच्या उत्तरार्धात पोचतात. ऑगस्ट-सप्टेंबरची पिढी मात्र इथे अंडी घालत नाही. ती मध्य मेक्सिकोतल्या ओयामेल फरच्या जंगलांकडे निघते, अंतर तीन हजार मैलांपर्यंत. तेव्हा त्यांना पानं नकोत, मकरंद हवा, आणि बटरफ्लाय वीडची फुलं तोवर संपलेली असतात. मी पुंजक्यामागे मेडो ब्लेझिंग स्टार आणि न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर लावले. ब्लेझिंग स्टारवर पहिल्याच ऑगस्टमध्ये एका वेळी सात मोनार्क मोजले. कधी तुलना करायची असेल तर लाइल गावच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात शुलेनबर्ग प्रेअरी आहे, १९६२ पासून उभी केलेली. ऑगस्टमध्ये तासभर फिरा, कोण कोणाच्या शेजारी उगवतं ते नीट बघा. माझी निम्मी लावणी तिथे बघून ठरली.

बाबांना मोनार्कपेक्षा आपल्या रुईवरच्या प्लेन टायगर फुलपाखराची जास्त आठवण झाली. दोघे एकाच कुळातले, दोन्हींच्या अळ्या पट्टेरी, दोन्ही याच जातीच्या झाडांवर. "शनिवारी मारुतीला वाहायला पानं तोडताना अळी दिसली की झटकायचो," ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

फुलं भरपूर, शेंग नाही

या झाडाचं स्वतःच्या परागावर बी धरत नाही. दुसरं, वेगळ्या बियापासून वाढलेलं झाड जवळ हवं. परागही सुटे नसतात, छोट्या पिशव्या असतात, त्या किड्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलाच्या नेमक्या खाचेत बसाव्या लागतात. त्यामुळे शेकडो फुलांतून मोजक्याच शेंगा हे अगदी योग्य आहे.

शेंग धरली तर सप्टेंबरमध्ये तिच्याभोवती सैलसर रबर बँड घाला, नाहीतर एका दुपारी सगळ्या म्हाताऱ्या उडून जातात. अर्धी शेंग मी उघडीच ठेवते. गोल्डफिंच पक्षी घरट्याला हा कापूस लावतात, पण त्यांचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणून गेल्या वर्षीचा थोडा कापूस जाळीच्या पिशवीत भरून झाडाला टांगते.

बाबांना बी सांगलीला न्यायचं होतं. नको म्हटलं. परदेशी बियाण्याला विमानतळावर परवाने लागतात, आणि तिकडे रुई आहेच की.

ससे

जूनमध्ये कोवळे कोंब सुरीने कापल्यासारखे तिरके गेले असतील तर तो ससा. दोन फूट उंचीची, इंचभर भोकांची कोंबडीची जाळी गोल करून भोवती रोवा, खालची कड दोन-तीन इंच मातीत. पहिली दोन वर्षं ठेवा. फवारायचे वासाचे उपाय एका पावसात धुऊन जातात. कापलेलं झाड मेलं असं समजू नका, मुळातून परत फुटतं, त्या वर्षी फूल मात्र मिळणार नाही.

आज २३ मे. नऊपैकी आठ झाडं वर आलीत. नववं, उत्तरेच्या कडेचं, अजून नाही. तिथे लाल झेंडी लावलीय आणि बाबांनी सांगलीहून फोनवर दोनदा विचारलंय की आलं का. १० जूनपर्यंत थांबणार आहे.